मृतावस्थेत जन्मलेल्या बाळाबद्दल काही समाज बोलतच नाहीत, असे का?

आपला प्रश्न असा आहे की, उपजत मृत्यूचा शोक काही संस्कृतींत उघडपणे होतो आणि काहींत त्याचा उल्लेखही टाळला जातो, यामागे काय असावे. माझ्या मते, बाळाला घरातले माणूस म्हणून कधीपासून धरायचे हे प्रत्येक समाजाने आपापल्या परीने ठरवले आणि शोकाचे नियम त्यातूनच आले. दुःख मात्र आईवडिलांना सगळीकडेच झाले.

आयर्लंडमध्ये बाप्तिस्मा न झालेल्या बाळाला चर्चच्या पवित्र भूमीत पुरता येत नसे. त्यामुळे वडील किंवा घरातला एखादा पुरुष, बहुधा सूर्यास्तानंतर, बाळाला शेताच्या कडेला किंवा पडक्या चर्चजवळ असलेल्या 'किलीन' नावाच्या दफनभूमीत नेई आणि वर एखादा बिननावाचा दगड ठेवून परत येई. ही प्रथा विसाव्या शतकातही चालू होती. अशा बाळांच्या नोंदणीचा कायदा तेथे १९९४ मध्ये झाला, आणि त्यांना मुक्ती मिळेल अशी आशा बाळगण्यास आधार आहे, असे व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रीय आयोगाने २००७ मध्ये म्हटले. तोवर कित्येक माता, आपल्या बाळाला मुक्ती मिळाली नसेल, ही टोचणी मनात घेऊनच गेल्या होत्या.

ज्यू परंपरेत तीस दिवस न जगलेल्या बाळासाठी सुतकाचे विधी सांगितलेले नाहीत. बालमृत्यू वारंवार होत त्या काळात कुटुंबावर शोकविधींचा भार पडू नये, असे त्याचे कारण दिले जाते. इस्लाममध्ये चार महिन्यांनंतर गेलेल्या गर्भाला सहसा नाव देऊन, स्नान घालून दफन करतात.

ब्रिटनमध्ये हे मौन रुग्णालयांनी पाळायला लावले. आईने लवकर विसरावे या समजुतीने बाळ तिला न दाखवताच नेले जाई आणि सामायिक कबरीत पुरले जाई. १९७८ मध्ये अशा पालकांनीच 'सँड्स' ही संस्था उभी केली. आज तेथे बाळाला गार ठेवणाऱ्या पाळण्यात आईवडिलांजवळ राहू देतात, पावलांचे ठसे घेऊन देतात. हा बदल मला फार मोलाचा वाटतो, तरी बाळाला पाहण्याची सक्ती मात्र कोणावरही होऊ नये.

जपानमध्ये जन्मापूर्वी गेलेल्या बाळांसाठी जिझो या बोधिसत्त्वाच्या लहान दगडी मूर्ती ठेवतात. टोकियोच्या झोजोजी मंदिरात लाल टोपड्यांतल्या अशा मूर्तींच्या रांगा आहेत, शेजारी भिरभिरी लावलेली असतात. या विधीचा प्रसार १९७० च्या दशकात झाला आणि गेलेल्या बाळाच्या आत्म्याच्या शापाची भीती घालून पैसे उकळल्याचे आरोपही काही ठिकाणी झाले.

मौनाचे सर्वांत घातक रूप म्हणजे आईलाच दोष देणे. तिचे पाप, तिच्यावरची करणी किंवा तिची हयगय हे कारण मानले की खऱ्या कारणाचा शोध तेथेच थांबतो. जगात दरवर्षी, गर्भारपणाच्या अठ्ठावीस आठवड्यांनंतरचेच धरले तरी, सुमारे १९ लाख उपजत मृत्यू होतात आणि त्यांतले ४० टक्क्यांहून अधिक प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळी होतात. कळा सुरू असताना बाळाच्या हृदयाचे ठोके नियमित तपासले आणि गरज पडताच शस्त्रक्रिया झाली, तर यांतली बरीच बाळे वाचू शकतात.