टॅपवर आज काय आहे?

मागच्या अंकात मुंबईतल्या मायक्रोब्रुअरींवर, म्हणजे जागच्या जागी थोडी थोडी बिअर बनवून विकणाऱ्या ठिकाणांवर, एक पान दिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आणि आमची उत्तरं इथे देत आहोत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आम्ही चौघे मित्र कोल्हापूरहून दोन दिवसांसाठी मुंबईला येतोय. कुलाबा, लोअर परळ, खार, अंधेरी मिळून सात ठिकाणांची यादी केली आहे. दोन संध्याकाळींत होईल ना?

नाही होणार. ओढूनताणून केलंत तरी पाचव्या ठिकाणी काय प्यायलात ते दुसऱ्या दिवशी आठवणार नाही. एका संध्याकाळी एकच भाग धरा आणि जास्तीत जास्त दोन ठिकाणं. संध्याकाळी सहानंतर लोअर परळहून अंधेरीला टॅक्सीने जायचं ठरवलंत, तर बिअरपेक्षा जास्त वेळ सिग्नलवर जाईल. लोकलने जाता येतं, पण त्या वेळेची विरार लोकल पाहुण्यांनी अनुभवायलाच हवी असं काही नाही.

पहिली संध्याकाळ लोअर परळला द्या. गिरण्यांच्या जुन्या आवारांत ही ठिकाणं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. बंगळुरूच्या इंदिरानगरात २०१० मध्ये सुरू झालेल्या 'टॉइट'ची मुंबईतली शाखाही इथेच आहे. दुसरी संध्याकाळ खार-अंधेरी किंवा कुलाबा, दोन्हींपैकी एक. 'दूलाली' हे नाव दोन्हीकडे दिसेल. २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेली ही राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी. कुलाब्याच्या 'वुडसाइड इन'सारख्या ठिकाणी बिअर तिथे बनत नाही, पण वेगवेगळ्या ब्रुअरींच्या बिअर एकाच बारवर मिळतात. वेळ कमी असेल तर अशी एक जागा तीन ब्रुअरींचं काम करते.

निघण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा : ठिकाण चालू आहे का, आणि टॅपवर, म्हणजे नळातून थेट ग्लासात मिळणाऱ्या बिअरमध्ये, आज काय आहे. पहिला प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. मुंबईतली पहिली ब्रूपब, म्हणजे स्वतःची बिअर बनवणारा बार, 'द बार्किंग डिअर' २०१३ मध्ये लोअर परळलाच सुरू झाली होती, आज ती नाही. या धंद्यात भाडं आणि परवान्यांचा खर्च एवढा असतो की वर्षापूर्वीची यादी भरवशाची राहत नाही. जमलं तर शनिवार टाळा. मंगळवार-बुधवारी चार-पाच वाजता गेलात तर बारवरच्या माणसाला तुमच्याशी बोलायला सवड असते, आणि कधीकधी खुद्द ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणाराही भेटतो.

सॅम्पलर मागवला की पाच-सहा छोटे ग्लास एकदम समोर येतात. कुठून सुरुवात करायची? हलक्या रंगाकडून गडद रंगाकडे हे बरोबर का?

रंगावर जाऊ नका, सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. काळीकुट्ट स्टाउट साडेचार टक्क्यांची आणि अगदी मवाळ असू शकते, तर सोनेरी दिसणारी बेल्जियन ट्रिपल आठ टक्क्यांच्या वर जाते. क्रम लावायचा तो कडवटपणा आणि अल्कोहोल पाहून. मेनूवर किंवा फळ्यावर प्रत्येक बिअरपुढे दोन आकडे असतात : एबीव्ही म्हणजे अल्कोहोलची टक्केवारी, आणि आयबीयू म्हणजे कडवटपणा. हेफेवाइझेन या गव्हाच्या बिअरचा आयबीयू साधारण १० ते १५ असतो, आयपीए या कडवट बिअरचा ४० ते ७०. आकडे लिहिलेले नसतील तर विचारा. ज्याला ते सांगता येत नाहीत, त्याच्याकडे सॅम्पलर घेण्यात फारसा अर्थ नाही.

आमचा क्रम असा : आधी कोल्श किंवा लागर या हलक्या बिअर, मग गव्हाच्या बिअर, त्यानंतर सेझाँ ही बेल्जियन बिअर असेल तर ती, मग पोर्टर किंवा स्टाउट या गडद बिअर, आणि आयपीए सर्वांत शेवटी. हॉप्स म्हणजे बिअरमध्ये घालतात ती कडू फुलं, आयपीएत ती भरपूर असतात आणि त्यांचा कडवटपणा जिभेवर बराच वेळ रेंगाळतो. आयपीएनंतर कोल्श प्यायलात तर ती पाण्यासारखी लागेल आणि दोष उगाच कोल्शला जाईल. सायडर या रांगेत बसवू नका. ती सफरचंदाची, तिच्यातला गोडवा पुढच्या बिअरची चव बिघडवतो. ती वेगळी मागवा.

ग्लास आले की लगेच तोंडाला लावू नका. मुंबईच्या उकाड्यामुळे बिअर फार गार द्यायची पद्धत पडली आहे. लागरला ४ ते ७ अंश ठीक, पण स्टाउट आणि आयपीएचा वास ८ ते १२ अंशांना खुलतो. म्हणून ते दोन ग्लास बाजूला ठेवा, त्यांची पाळी येईपर्यंत ते बरोबर तापमानाला आलेले असतील. प्रत्येक ग्लास आधी हुंगा, मग एक छोटा घोट तोंडात फिरवून गिळा. वाइनसारखं थुंकू नका, कारण बिअरचा कडवटपणा घशाशी कळतो. मध्ये साधं पाणी आणि कोरा पाव. मसाला शेंगदाण्याची बशी शेवटच्या ग्लासापर्यंत दूर सरकवून ठेवा.

आणि हिशेब आधी करा. १०० मिलीचे पाच ग्लास, सरासरी ५ टक्के, म्हणजे २५ मिली अल्कोहोल, वजनात सुमारे २० ग्रॅम. त्यावर आवडली म्हणून साडेसहा टक्क्यांची ५०० मिली आयपीए घेतली तर आणखी २६ ग्रॅम. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निस्तरतं. म्हणजे 'नुसती चव घेतली' म्हणता म्हणता पाच-सहा तासांचं काम पोटात गेलेलं असतं.

मला बिअर कडू लागते. नवऱ्याला आणि नणंदेला मात्र जायचंच आहे. मी तिथे काय घेऊ? आंब्याची बिअर असते म्हणे, ती गोड असते का?

तुम्ही हेफेवाइझेनपासून सुरुवात करा. गव्हाची, गढूळ दिसणारी, पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास असलेली. त्यात केळं नसतं आणि लवंगही नसते, तो सगळा त्या खास यीस्टचा प्रताप. दुसरी विटबिअर, तिच्यात मात्र खरोखरच धणे आणि संत्र्याची साल असते. या दोन्हींत कडवटपणा जेमतेम.

आंब्याची बिअर गोड असेल या अपेक्षेने मागवू नका. आंब्याचा गर आंबवताना घातला की त्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं. मागे उरतो वास आणि थोडा आंबटपणा. तरीही ती आमरसासारखी गोड लागली तर गर किंवा सिरप नंतर मिसळलेलं आहे असं समजा. ताज्या फळाची हवी असेल तर एप्रिल ते जून, एरवी ती साठवलेल्या पल्पची. कोकम घातलेली गोझ कुठे दिसली तर जरूर घ्या. गोझमध्ये थोडं मीठ असतं आणि आंबटपणा असतो, कोकम सरबत आवडणाऱ्याला ती परकी वाटत नाही. हे सगळं नकोच असेल तर सायडर आहेच.

एका ठिकाणी लागरला चक्क लोण्यासारखा वास येत होता. वेटर म्हणाला, 'सर, ही स्टाइलच अशी आहे.' खरं का?

एखाद्या चेक लागरमध्ये लोण्याची अगदी पुसट झाक चालते. 'चक्क' म्हणण्याइतका वास आला तर तो दोष. त्याचं नाव डायअ‍ॅसिटिल. आंबताना यीस्ट ते तयार करतं आणि शेवटच्या दिवसांत स्वतःच शोषून घेतं. टाकी लवकर रिकामी करायची घाई झाली की ते बिअरमध्येच राहतं. चांगली एल, म्हणजे उबेत लवकर आंबणारी बिअर, व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, गारव्यात सावकाश आंबणाऱ्या लागरला चार ते सहा. चार शनिवार गर्दीचे गेले, की ही घाई कुठून येते ते कळतं.

बाकीचे वासही ओळखून ठेवा. उकडलेल्या मक्याचा वास म्हणजे उकळी कमी पडली किंवा उकळल्यावर लवकर गार केलं नाही. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा, म्हणजे बिअर कोवळी आहे. ओल्या पुठ्ठ्याचा, म्हणजे हवा लागली किंवा जुनी झाली. गोझसारखी मुळात आंबट बिअर नसतानाही व्हिनेगरसारखी आंबट लागली, तर टाकीपेक्षा आधी नळीवर संशय घ्या. केगपासून (बिअरच्या पिंपापासून) टॅपपर्यंतची नळी दर दोन आठवड्यांनी धुवावी लागते. आपल्याकडच्या दमट हवेत ती हयगय फार लवकर बाहेर पडते. टॅपचं तोंड जवळून पाहा. त्यावर वाळलेला चिकट थर किंवा भोवती चिलटं असतील तर आतली अवस्था वेगळी सांगायला नको.

ग्लासही तपासा. आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लासला तेलकटपणा राहिला आहे. त्याने फेसही पटकन बसतो. स्वच्छ ग्लासात प्रत्येक घोटानंतर फेसाची जाळी काचेवर राहते.

परत करायची असेल तर पहिल्या दोन घोटांतच करा, अर्धा मग रिकामा करून नाही. 'आवडली नाही' म्हणू नका, 'लोण्याचा वास येतोय, ब्रुअरला किंवा मॅनेजरला चाखायला सांगा' असं नेमकं बोला. बहुतेक चांगल्या ठिकाणी ग्लास निमूट बदलून मिळतो.

खायला काय मागवावं? सोबत मासेखाऊ मंडळी आहेत.

बोंबील फ्राय मिळाला तर कोल्श किंवा पिल्सनर ही लागर, दुसरा विचार नको. सुक्या मटणाला पोर्टर, कोथिंबीर वडीला विटबिअर. आयपीएबरोबर ठेचा किंवा झणझणीत विंग्ज टाळा. हॉप्सचा कडवटपणा आणि अल्कोहोल दोन्ही मिरचीची आग वाढवतात, आणि मग ती विझवायला आणखी आयपीए जाते. बिलात मद्यावर व्हॅट आणि खाण्यावर जीएसटी वेगवेगळा लागतो, तेव्हा मेनूवरचा आकडा म्हणजे शेवटचा आकडा नव्हे.

ब्रुअरी आतून बघू देतात का?

गर्दी नसताना, आधी विचारून, पुष्कळदा हो. बंद बूट घाला, जमीन ओली असते. आत विचारण्यासारखं एक : पाण्याचं काय करता? तानसा, वैतरणा, भातसा या तलावांतून येणारं मुंबईचं पाणी मृदू आहे, त्यात क्षार कमी. ब्रुअर ते गाळून घेतात आणि बिअरनुसार क्षार घालतात. जिप्समने आयपीएचा कडवटपणा टोकदार होतो, कॅल्शियम क्लोराइडने स्टाउट भरीव लागते. एलला आंबताना १८ ते २२ अंश लागतात आणि बाहेर असतात ३३, म्हणून टाक्यांभोवती ग्लायकोल हा गार केलेला द्रव फिरवावा लागतो.

ग्राउलर, म्हणजे बिअर न्यायची मोठी बाटली, भरून ठाण्याला घरी न्यायचा आहे. बिअर टिकेल का?

न उघडता फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, उघडल्यावर त्याच दिवशी. भरून घेताना दोन गोष्टींचा आग्रह धरा : ग्राउलर आधी गार केलेला असावा, आणि टॅपला नळी लावून तळापासून भरावा. वरून ओतला की फेस होतो, गॅस जातो आणि हवा मिसळते. तपकिरी काच उत्तम, पारदर्शक काचेत उन्हाने बिअरला उग्र कुबट वास येतो. बर्फाच्या पिशवीत न्या, उन्हातल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. फ्रीझरमध्ये तर मुळीच नको, काच फुटते. हेफेवाइझेन आणि आयपीए लवकर उतरतात, न्यायचीच तर स्टाउट न्या.

दोन ग्लासांवर गाडी चालवली तर चालेल?

नाही. रक्ताच्या १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. लोकलने या आणि शेवटच्या गाडीची वेळ एम-इंडिकेटर अ‍ॅपवर पहिल्या ग्लासाआधीच बघून ठेवा.

आमचा मुलगा २२ वर्षांचा आहे, त्याला सोबत नेता येईल? आणि ड्राय डे कधी असतात?

महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी वय २१, बाकी मद्यासाठी २५. काही ठिकाणी दारातच २५ ची अट लावतात, म्हणून फोनवर हेही विचारा आणि वयाचा मूळ पुरावा खिशात ठेवा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर बंद. मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवसही बंद. गणपती विसर्जनाच्या दिवसांसाठी स्थानिक आदेश निघतात, ते त्या आठवड्यातल्या वर्तमानपत्रात येतात.