कॅप्टन मॅन्टेलला तबकडीनं पाडलं का?

प्रश्न : डॉक्टर, १९४८ साली अमेरिकेत कॅप्टन मॅन्टेल नावाचा लढाऊ वैमानिक उडत्या तबकडीचा पाठलाग करताना विमान कोसळून गेला, असं वाचलं. काही जण म्हणतात, तबकडीनंच त्याला पाडलं. दुसरे म्हणतात, तो शुक्राच्या चांदणीमागे धावला. महायुद्धात विमान चालवलेला माणूस चांदणीला यान समजेल, हे मनाला पटत नाही. तुम्ही हवाई दलात वैमानिकांचे डॉक्टर होतात. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : जे तुम्हाला पटलं नाही, ते मलाही कधी पटलं नाही. म्हणून या प्रश्नाला आज जास्त जागा देतो.

आधी घडलं ते सांगतो. ७ जानेवारी १९४८ची दुपार. केंटकी राज्यात आकाशात काहीतरी मोठं, गोल दिसतंय, अशा खबरा पोलिसांकडे येऊ लागल्या. फोर्ट नॉक्सजवळच्या गॉडमन हवाई तळावरच्या कंट्रोल टॉवरमधल्या लोकांनीही ते दुर्बिणीतून पाहिलं. त्याच सुमारास चार एफ-५१ मस्टँग विमानं जॉर्जियाहून लुइव्हिलकडे चालली होती. त्यांचा म्होरक्या थॉमस मॅन्टेल, वय २५, नॉर्मंडीच्या मोहिमेत उडालेला. ‘जरा बघता का?’ असं टॉवरनं त्याला विचारलं. एका विमानात इंधन कमी होतं, ते पुढे निघून गेलं. उरलेली तीन वर चढली.

समोर, थोडं वर आहे, धातूचं असावं, प्रचंड मोठं आहे, माझ्याच वेगानं किंवा त्याहून जोरात जातंय, अशा अर्थाचं मॅन्टेलनं रेडिओवर कळवलं. साडेबावीस हजार फुटांच्या आसपास सोबतचे दोघं मागे फिरले. मॅन्टेल चढतच राहिला. नंतर त्याचं विमान फ्रँकलिन गावाजवळच्या शेतात पडलं. त्याचा जन्मही फ्रँकलिनचाच. मनगटावरचं घड्याळ ३ वाजून १८ मिनिटांवर थांबलं होतं.

एफ-५१च्या कॉकपिटमध्ये हवेचा दाब राखायची सोय नव्हती आणि मॅन्टेलकडे वापरण्याजोगा ऑक्सिजन नव्हता. अठरा हजार फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या निम्मा होतो. बावीस हजारांवर मास्कशिवाय माणसाला हातात जेमतेम पाच-दहा मिनिटं मिळतात, पंचवीस हजारांवर तीन ते पाच. त्यानंतर तो खुर्चीत असतो, पण विमान तो चालवत नसतो.

वैमानिकांना हे कळावं म्हणून आम्ही त्यांना अल्टिट्यूड चेंबरमध्ये बसवायचो. लोखंडी खोली, जाड काचेच्या खिडक्या, आतली हवा हळूहळू काढायची. पंचवीस हजारांवर मास्क काढायला लावायचा आणि हातात कागद-पेन्सिल द्यायची : शंभरातून सात-सात वजा करत जा. एक पोरगा मला अजून आठवतो. तुकडीतला सगळ्यांत हुशार. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर असं त्यानं सुरेख अक्षरात लिहिलं. मग पुन्हा बहात्तर. पुन्हा बहात्तर. आकडे मोठे होत कागदाच्या कडेकडे उतरायला लागले. नखं जांभळी पडली होती आणि चेहऱ्यावर छान हसू होतं. ‘मास्क लाव,’ असं मी इंटरकॉमवर सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि पुन्हा बहात्तर लिहिलं. शेवटी शेजारी बसलेल्या माझ्या सहायकानं त्याच्या तोंडावर मास्क दाबला. चार श्वासांत पोरगा भानावर आला आणि मला म्हणाला, ‘सर, एवढ्या लवकर का थांबवलंत? सगळं बरोबर चाललं होतं.’ कागद दाखवला तेव्हा हे आपलंच अक्षर आहे, यावर त्याचा विश्वास बसेना.

ऑक्सिजन कमी पडला की गुदमरायला होत नाही. भीतीही वाटत नाही. उलट सगळं उत्तम चाललंय असं वाटतं आणि मन एकाच गोष्टीला चिकटून बसतं. मॅन्टेलच्या बाबतीत ती गोष्ट होती समोरचा चकाकणारा गोळा. अवशेषांत कॅनपीची, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेच्या झाकणाची, कडी लावलेलीच सापडली. घाबरून बाहेर उडी मारायचा प्रयत्नच झाला नाही, कारण तोवर त्याची शुद्ध गेली होती. त्याला कुणी पाडलं नाही.

मग त्यानं पाहिलं काय? हवाई दलानं आधी शुक्राचं नाव घेतलं. मला या प्रकरणात सगळ्यांत जास्त राग येतो तो याचाच. भरदुपारी, तेही विरळ धुक्यातून, शुक्र इतका ठळक दिसत नाही. नंतर कळलं की त्या काळात अमेरिकी नौदल ‘स्कायहूक’ नावाचे फुगे सोडत होतं. प्लास्टिकचे, शंभर फूट रुंद, लाख फुटांच्या आसपास जाणारे, आणि गुप्त. टॉवरला ते माहीत नव्हते, मॅन्टेललाही नव्हते. माझ्या मते त्यानं असाच एक फुगा पाहिला. उन्हात तो धातूसारखा चकाकतो, आणि ‘प्रचंड मोठं’ हे वर्णनही खरंच ठरतं.

‘माझ्याच वेगानं जातंय’ याचंही उत्तर यातच आहे. शेजारी ढग नाही, डोंगर नाही, अशा रिकाम्या आकाशात डोळ्याला अंतर कळत नाही. आपले दोन डोळे मिळून खोली मोजतात ती फार तर काही शे मीटरपर्यंत. वस्तू पन्नास-साठ किलोमीटरवर असेल, तर तुम्ही तीन किलोमीटर वर चढलात तरी ती होती तेवढीच दिसते. पाठलाग करणाऱ्याला मग वाटतं, मी जेवढा जवळ जातोय तेवढीच ती दूर पळतेय. वस्तू मोठी आहे, चकाकते आहे, आपल्यापेक्षा वर आहे, हे त्यानं बरोबर सांगितलं. चुकला तो फक्त अंतर आणि वेगाच्या अंदाजात, आणि तिथे मी चुकलो असतो, तुम्हीही चुकला असतात. चांदणीमागे धावलेला वेडा म्हणून त्याची आठवण राहावी, हा त्याच्यावर अन्याय आहे.

प्रश्न : मग २००४ साली कॅलिफोर्नियाच्या समुद्रावर अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांनी पाहिलेली वस्तूही फुगाच होती का?

उत्तर : तसं मी म्हणणार नाही. १४ नोव्हेंबर २००४ला कमांडर डेव्हिड फ्रेव्हर आणि सोबतच्या विमानातली अलेक्स डीट्रिक, दोघांनीही कॅप्सूलसारखी लांबट पांढरी वस्तू पाहिली. दोन विमानांत मिळून चार माणसं होती, दिवस स्वच्छ होता, मास्क चढवलेले होते. मॅन्टेलचं उत्तर इथे चिकटवता येत नाही. त्याच दिवशी नंतर वेगळ्या विमानातून चित्रफीत घेतली गेली, आणि २०२०च्या एप्रिलमध्ये पेंटॅगॉननं ती अधिकृतपणे खुली केली. वस्तूची ओळख मात्र पटलेली नाही. ‘ओळख पटली नाही’ याचा अर्थ ‘परग्रहावरून आली’ असा होत नाही. तसाच तो ‘वैमानिक खोटं बोलतो’ असाही होत नाही.

डॉक्टर म्हणून मला खटकतं ते वेगळंच. वैमानिक डॉक्टरसमोर मोकळेपणानं बोलत नाही. चक्कर आली, काही विचित्र दिसलं, असं सांगितलं की उड्डाण बंद होईल, ही धास्ती प्रत्येकाच्या पोटात असते. एकदा एक अनुभवी वैमानिक दार लावून घेऊन मला म्हणाला, ‘रात्री एक दिवा बराच वेळ माझ्या पंखाला चिकटून होता. लिहू नका.’ अंधारात एकट्या स्थिर दिव्याकडे टक लावली की तो हलल्यासारखा दिसतो, हे मी त्याला समजावलं आणि तो निश्चिंत झाला. पण तो आलाच नसता तर? पुढच्या वेळी त्या दिव्याला टाळायला म्हणून त्यानं विमान वळवलं असतं, जमिनीच्या दिशेनंही. अमेरिकी नौदलानं २०१९मध्ये अशा गोष्टी कळवण्याची रीतसर पद्धत घालून द्यायला घेतली. ते फार आधी व्हायला हवं होतं.

चेंबरमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तुकडीला मी एवढंच सांगायचो. आकाशात ओळख न पटणारं काही दिसलं, तर पहिली नजर मास्क आणि ऑक्सिजनच्या काट्यावर टाका. मग उंची, दिशा आणि वेळ मोठ्यानं रेडिओवर बोला, म्हणजे तुमचे शब्द अडखळायला लागले तर खालच्याला ऐकू येईल. त्या वस्तूकडे त्यानंतर बघा, हवं तेवढं.