ब्रेकअपनंतर जुन्या शहरात परत जाताना कोणती गाणी ऐकावीत?

तुम्ही विचारलंय की सगळं संपल्यावर आता पहिल्यांदाच त्या शहरात कामासाठी जायचंय, मुक्कामही आहे, तर सोबत कोणती गाणी ठेवू? माझं गाव अचलपूर तालुक्यातलं, घरची कास्तकारी. कॉलेज अमरावतीला झालं, आणि तुमच्यासारखंच एक नातं तिथंच जुळलं, तिथंच तुटलं. पण बी-बियाण्यापासून दवाखान्यापर्यंत आम्हाला अमरावतीच गाठावी लागते. शहर टाळून भागत नाही. म्हणून मनापासून लिहितो.

दोघांचं म्हणून जे गाणं होतं, ते नेऊ नका. दोष देणारी, बेवफाईची गाणीही नको. गाणं असं निवडा, ज्यातला माणूस समोरच्याकडे काही मागत नाही. माझी कसोटी एवढीच.

या कसोटीवर गुलाम अलींची ‘हम तेरे शहर में आए हैं मुसाफ़िर की तरह’ बसत नाही. बरेच जण तुम्हाला हीच सुचवतील. गझल सुंदरच आहे, पण मुसाफिर म्हणून आलेला माणूस पुढच्याच ओळीत एका भेटीची विनवणी करतो. वेशीवर ती ऐकली की हात मोबाइलमधल्या जुन्या नंबरकडे जातोच. ती घरी ऐका.

जाताना ‘मौसम’मधलं (१९७५) ‘दिल ढूंढता है’ ठेवा, तेही भूपिंदर सिंग यांनी एकट्यानं गायलेलं, संथ चालीचं. गुलजारांनी मुखडा गालिबच्या शेरावरून घेतला, चाल मदन मोहन यांची. सिनेमात संजीवकुमार कितीतरी वर्षांनी दार्जिलिंगला परततो, म्हणजे प्रसंग तुमचाच. लताबाईंसोबतचं द्वंद्वगीत जास्त खेळतं आहे, त्यात जुने दिवस डोळ्यांसमोर उभे राहतात. जाताना ते जड जाईल, येताना चालेल. गाण्यातली ओढ फुरसतीच्या दिवसांची आहे. ते दिवस आपलेही होते, नुसते तिचे किंवा त्याचे नव्हते. मला या गाण्यानं सगळ्यात जास्त धीर दिला.

परतवाड्याहून एसटी निघाली की आसेगावला पूर्णेचा पूल लागतो, मधे संत्र्याच्या बागा, कपाशी, तूर. खिडकीची काच इतकी खडखडते की गाण्यातलं अर्धं ऐकूच येत नाही, पण तेवढं पुरतं. वलगाव आलं की मी इअरफोन काढून खिशात टाकतो. शहरात गाणी नकोतच. राजकमल चौकात ऑटोवाल्यांच्या हाका, हॉर्न, गिल्या वड्याच्या गाडीवरची गर्दी, हे सगळं उघड्या कानांनी ऐकावं. कानात गाणं असलं की प्रत्येक कोपरा जुनाच दिसत राहतो. कान मोकळे असले की कळतं, चहाची टपरी गेली, तिथं मोबाइलचं दुकान आलं.

रात्र मात्र अवघड. तेव्हा सुरेश भट. अमरावतीत १९३२ साली जन्मलेला हा आमचा माणूस. त्यांचं ‘केव्हातरी पहाटे’ हृदयनाथांच्या चालीत आशाबाईंनी गायलंय. हातातून काय, कधी निसटलं ते कळलंच नाही, एवढंच ते गाणं सांगतं. तक्रार नाही, आरोप नाही. एकदा ऐका आणि दिवा मालवा. त्यांचंच ‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’ (‘उंबरठा’, १९८२) लताबाईंच्या आवाजात फार खोल जातं. झोप लागत नसेल तर ते अजिबात लावू नका.

पावसाळ्यात जात असाल तर आणखी एका गाण्यापासून जपा. नागपूरच्या कवी ग्रेसांचं ‘ती गेली तेव्हा’ हृदयनाथांच्या आवाजात पावसात ऐकलं की माणूस दिवसभर कामाचा राहत नाही. माझं अतिशय आवडतं गाणं आहे, तरी सांगतो.

परतीला ‘इजाज़त’मधलं (१९८७) ‘मेरा कुछ सामान’ चालेल. मागणं त्यातही आहे, पण भेटीचं नाही, मागे राहिलेल्या वस्तूंचं. तेवढं मागायला हरकत नाही.

आणि शहरात एखादा जुना मित्र असेल तर आजच फोन करून ठेवा. मुक्कामाच्या रात्री त्याच्याकडे जेवायला जा, गाणी त्यालाच लावू द्या.