औषधाने ताप उतरला म्हणजे साधा व्हायरलच का?

प्रश्न: माझा मुलगा 5 वर्षांचा आहे, वजन 16 किलो. परवापासून ताप येतोय, पॅरासिटामॉलचं सिरप दिलं की तीन-चार तास बरा असतो मग परत चढतो. सासूबाई म्हणतात औषधाने उतरतोय ना मग साधा व्हायरल आहे, उतरला नाही तरच अँटिबायोटिक लागेल. असं घरी ओळखता येतं का? - एक आई, ठाणे

उत्तर: नाही ताई, असं ओळखता येत नाही, आणि हे मी कळकळीने सांगतोय कारण या समजुतीपायी टायफॉइडची मुलं उशिरा येतात. ताप व्हायरसचा असो की बॅक्टेरियाचा, मेंदूत तापमान वर चढवणारं रसायन एकच, प्रोस्टाग्लँडिन, आणि पॅरासिटामॉल तेच कमी करतं, त्यामुळे टायफॉइडमध्येही डोसनंतर ताप उतरू शकतो आणि साध्या फ्लूचा 103 कधीकधी 101 च्या खाली येतच नाही. मलेरियाचा तर घाम येऊन आपोआपच उतरतो, नाव मात्र औषधाचं होतं.

डॉक्टरांनीही असा प्रयोग केलाय बरं का. 1984 मध्ये अमेरिकेत कॅन्सरच्या पेशंटना नेप्रॉक्सेन हे ताप-दुखणं कमी करणारं औषध देऊन पाहिलं, ट्यूमरचा ताप उतरला, इन्फेक्शनचा नाही. पण पुढे ती टेस्टही तेवढी भरवशाची निघाली नाही, आणि लहान मुलांच्या तापाशी तिचा काही संबंध नाही.

ताप उतरल्यावर मुलगा कसा आहे ते बघा. खेळतो, पाणी पितो, शू नेहमीसारखी होते तर जरा धीर धरता येतो, ताप नसतानाही मलूल पडून असेल तर नाही. आणि डेंग्यूत उलटंच असतं, तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो तेव्हाच धोका वाढतो, म्हणून पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं यातलं काहीही दिसलं तर ताप नसला तरी, रात्र असली तरी लगेच हॉस्पिटल गाठा. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड ही तापाची दुसरी औषधं देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो.

16 किलोला पॅरासिटामॉल एका वेळी 160 ते 240 मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये निदान 4 ते 6 तास, दिवसात 4 पेक्षा जास्त डोस नकोत. बाटली 5 मिलीत 120 मिलिग्रॅमची की 250 ची ते वाचूनच मापा, इथे फार घोळ होतो.

आज तिसरा दिवस आहे तर आजच दाखवून घ्या, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मलेरिया, डेंग्यूचं एनएस1 या रक्ततपासण्यांतलं काय करायचं ते डॉक्टर तपासून ठरवतील. जाताना ताप कधी किती होता आणि डोस कधी दिला ते कागदावर लिहून न्या.