आधी उसवायला शिक

प्रिय बाळा,

परवा जिन्यात भेटलीस तेव्हा हातातली पिशवी पाठीमागे लपवलीस ते मी बघितलं. मग रात्री तुझा एवढा मोठा मेसेज आला, की काकू मी रेझिन करून बघितलं, मंडला करून बघितलं, लिप्पन आर्टचं किट आणलं आणि आता क्रोशा, पण पंधरा दिवसांच्या वर काही टिकतच नाही, माझा पिंडच कलेचा नाही का? मी तीनदा वाचला तो मेसेज. उत्तर टाइप करायला घेतलं आणि लांबतच गेलं.

पिंडाचं सोड. तू क्रोशाच्या जांभळ्या तुकड्याचा फोटो पाठवलास ना, तो मी मोठा करून खांब मोजले, म्हणजे ओळीतले ते उभे टाके. खालच्या ओळीत २० आहेत आणि दहाव्या ओळीत ११. चौकोन व्हायचा तो वर निमुळता होत गेलाय आणि हे तिसऱ्या-चौथ्या ओळीतच तुझ्या लक्षात आलेलं असणार, डोळे आहेत तुला, तरी तू पुढे विणत गेलीस. का? सगळ्या मेसेजमधून मला पडलेला प्रश्न हा एवढाच. उसवलं का नाहीस?

ओळ सुरू करताना ज्या तीन साखळ्या घालतो ना, तो त्या ओळीचा पहिला खांब असतो. परत फिरून ओळ संपवताना शेवटचा खांब त्या तीन साखळ्यांच्या डोक्यात घालायचा असतो. तो तुला दिसत नाही, कारण तो खांबासारखा दिसतच नाही, बारीक असतो आणि कडेला वाकून बसलेला असतो. मग दर ओळीत एक खांब गळतो. २० चे १९, १९ चे १८. एवढीच चूक आहे. तिथे एक सेफ्टी पिन लावून ठेव आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी मोज, कंटाळा आला तरी मोज. २० भरले नाहीत तर उसव. तिथल्या तिथे, त्याच ओळीत.

दुसरं ते डबल क्रोशेचं. व्हिडिओतली बाई पण डबल म्हणते, पुस्तकात पण डबल लिहिलंय आणि दोन्ही वेगळं दिसतं म्हणून तू रडकुंडीला आलीस. अगं ती अमेरिकन आणि पुस्तक ब्रिटिश. अमेरिकेत ज्याला सिंगल म्हणतात त्याला इंग्लंडात डबल म्हणतात आणि अमेरिकेतलं डबल ते इंग्लंडातलं ट्रेबल. माझ्या आईला यातलं एक अक्षर येत नव्हतं. ती साखळी, मुका खांब (म्हणजे आखूड, बुटका टाका), खांब एवढंच म्हणायची आणि तिचं कधी अडलं नाही. तूही डोक्यात तेच ठेव, इंग्लंडचं डबल म्हणजे मुका खांब, अमेरिकेचं डबल म्हणजे आपला साधा खांब. यात तुझी काही चूक नव्हती. पण गोंधळ झाल्यावर ते तसंच पुढे रेटलंस, त्याचा मला राग येतो.

राग येतो कारण मी हेच केलंय.

१९८७ ला माझं लग्न ठरलं तेव्हा रुखवतात ठेवायला मी गोल टेबलक्लॉथ करायला घेतला, पांढरा बारीक दोरा आणि स्टीलची बारीक सुई. गोलाचा हिशोब सरळ असतो, पहिल्या फेरीत १२ खांब, मग २४, मग ३६, दर फेरीला १२ वाढवायचे. कमी वाढवले तर कडा वर उचलून वाटी होते, जास्त वाढवले तर झालर पडते. माझ्या नवव्या फेरीत वाढवायचे राहिले आणि पुढे वाटी व्हायला लागली. आईनं लांबून बघितलं आणि म्हणाली, उसव. मी म्हटलं, पाच फेऱ्या झाल्यात वर, कोण बघणारे? साबुदाण्याची खळ घातली, कडक इस्त्री मारली आणि मधोमध पितळेची जड समई ठेवली. सगळ्यांनी वा वा केली. सासरी पहिल्या धुण्यात खळ निघून गेली आणि तो टीपॉयवर परत वाटी होऊन बसला. आल्यागेल्याला दिसायचा की नाही माहीत नाही, मला रोज दिसायचा. एक दिवस घडी करून ट्रंकेत टाकला आणि त्यानंतर १९ वर्षं मी सुई हातात घेतली नाही. नोकरी होती, लोकल होती, पोरं होती, हे मी सगळ्यांना सांगायचे आणि ते खोटं नव्हतं. पण खरं कारण तो टेबलक्लॉथ होता. एक संध्याकाळ बसून तेवढ्या फेऱ्या उसवल्या असत्या तर माझी १९ वर्षं वाचली असती, असं मला आजही वाटतं.

तू रेझिनपासून सुरुवात केलीस म्हणून कदाचित घाबरतेस. रेझिन एकदा वाळलं की वाळलं. क्रोशात एका वेळी सुईवर एकच टाका असतो, तो सोडून दोरा ओढला की हवं तिथपर्यंत सुटत येतं आणि जिथं थांबशील तिथं परत सुई घालता येते. दोन सुयांच्या विणकामात इतकं सोपं नसतं, तिथं सगळे टाके जिवंत असतात, एक निसटला की खाली धावत जातो. तुझ्या हातात इतकी माफ करणारी कला आलीय आणि तू तिला माफ करू देत नाहीयेस.

म्हणून लोकर घेताना पण उसवण्याचाच विचार करायचा. ती मखमली लोकर तू टेडी करायला आणलीस ना, ती बाजूला ठेव. तिच्यात टाके दिसत नाहीत आणि दोन-तीनदा उसवली की वरची मऊ लव गळून नुसता दोरा उरतो. काळी नको, गडद जांभळी पण नको. तुळशीबागेत जा आणि फिक्या रंगाची, गुळगुळीत, मध्यम जाडीची साधी ॲक्रेलिक लोकर माग. सोबत चार एमएमची सुई. उसवलेली लोकर नागमोडी होते, ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी कर, चार ठिकाणी सैल बांध, ओली करून वाळत टाक, सरळ होते.

आणि महिन्याभरात ऑनलाइन पेज काढून केलेल्या वस्तू विकायचं मनात असेल तर ते काढून टाक. खरा क्रोशा अजून कारखान्यातल्या मशीनवर होत नाही, हातानंच होतो. आंध्रातल्या नरसापूरच्या बायका पिढ्यानपिढ्या क्रोशाची लेस करतायत, २०२४ मध्ये त्या लेसला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आणि इतका हात बसलेल्या त्या बायकांनासुद्धा वर्षानुवर्षं मजुरी तुटपुंजीच मिळत आली. तू आधी चौकोन चौकोनी कर.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं, लिहिते. माझी मुलगी सातवीत असताना मफलर करत होती. घरी पाहुणे बसलेले, ती कौतुकानं दाखवायला आली आणि चार ओळी खाली सुटलेला टाका मला दिसला. मी तिच्या हातातून घेतला आणि सगळ्यांसमोर सरासर उसवला. तिनं त्यानंतर सुई धरली नाही. घरातले म्हणतात मी फार कठोर वागले. मी अजूनही म्हणते की उसवायलाच हवं होतं, टाका सुटला होता तो सुटलाच होता, तसंच पुढे जाऊ द्यायचं होतं का मी? मी सुद्धा समई ठेवून झाकायला शिकवायचं होतं का तिला? नाही. पण तो दोरा तिनं ओढायला हवा होता. उसवायचं ते ज्याचं त्यानं. हे मला तेव्हा कळलं नाही आणि आता फोनवर सांगायला गेलं की ती विषय बदलते.

तर रविवारी चारनंतर ये. तो जांभळा तुकडा आहे तसा घेऊन ये, आधी काही करू नकोस. रंग गडद आहे तर खिडकीपाशी बसू. पहिल्या ओळीपर्यंत उसवायचा आहे, तिथले २० बरोबर आहेत. ओढायचं तू, गुंडाळायचं तू. मी शेजारी हात मांडीवर ठेवून बसेन.

तुझी काकू