नवगावच्या वाटेवरचं कबरस्तान

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अलिबागजवळच्या नवगावला जाताना जुनं कबरस्तान दिसलं आणि अनोळखी लिपीखाली चक्क मराठी आडनाव वाचून तू थबकलीस. थबकलीस हे फार बरं झालं. आता घाई मात्र करू नकोस.

ती लिपी हिब्रू, आणि ती माणसं बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. नवगावजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं, असं ती मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. वहीत लिहिशील तेव्हा ‘असं सांगतात’ हे शब्द गाळू नकोस.

सुरुवात आडनावापासून कर. किहीमकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, नवगावकर. प्रत्येक आडनावात एक गाव आहे. नकाशा घे आणि एकेक गाव शोध, म्हणजे कबरस्तानातून बाहेर निघणाऱ्या वाटा दिसतील. पहिल्या नावांकडेही नीट बघ. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७९६ साली बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर आपल्या लोकांत समाजी हसाजी म्हणून ओळखले जात. एकाच माणसाची अशी दोन नावं असतात. हे ठाऊक नसेल तर एका माणसाची दोन माणसं करून ठेवशील. आणखी एक गोष्ट: जुनी माणसं सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणायची. कोणी म्हातारा ‘मशिदीच्या मागे’ म्हणाला तर आधी विचार, कुठली मशीद.

दगड वाचायचा तर दुपारी बारा वाजता जाऊ नकोस, अक्षरं सपाट दिसतात. सकाळी किंवा चारनंतर जा. ऊन तिरपं पडलं की झिजलेलं अक्षरही वर येतं. सावलीतल्या दगडावर आरशाने बाजूने उजेड टाक. शेवाळ असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस्स. खडू नको, पीठ नको, तारेचा ब्रश तर अजिबात नको. ॲसिडने ‘साफ’ केलेला एक दगड मी पाहिला आहे. शंभर वर्षांच्या पावसाने ठेवलेलं नाव एका दुपारीत गेलं होतं. अजूनही वाईट वाटतं.

हिब्रू उजवीकडून वाचतात. सुरुवातीला पे आणि नून ही दोन अक्षरं असली तर ‘इथे विसावले आहेत’ असं समज. सालही अक्षरांतच असतं: ताव चारशे, रेश दोनशे, मेम चाळीस, हेत आठ, झाले ६४८. पाच हजारांचा आकडा बहुधा लिहीत नाहीत, म्हणजे त्यांचं वर्ष ५६४८. आपलं इसवी साल काढायला ६४८ मध्ये १२४० मिळव. आलं १८८८. आता इथे मी चुकलो होतो, ते सांगतो. त्यांचं वर्ष तिश्री महिन्यात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, सुरू होतं. त्यामुळे दगडावर तिश्री किंवा त्यानंतरचे हेश्वान, किस्लेव हे महिने असतील तर १२३९ मिळवायचे. मी १२४० मिळवले. दगड हातभर उंचीचा होता, एका लेकराचा. माझ्या वहीत ते दोनाऐवजी तीन वर्षं जगलं. पुढे त्या घरातल्या एका आजींचं इस्राएलहून पत्र आलं, शुद्ध मराठीत: ‘तेवढं आयुष्य त्याला लाभलं असतं तर!’ ते पत्र मी जपून ठेवलं आहे.

म्हणून दगड जसा आहे तसाच उतरव. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाची चूक असेल तर ती सुधारू नकोस. गवंड्याच्या कानावर जे पडलं ते त्याने कोरलं, आणि त्या चुकीतूनच ते नाव त्या काळी कसं उच्चारत ते कळतं.

एका भेटीत एकच कबर पुरे. नाव उतरवलंस की अलिबागच्या इस्रायल आळीत जा. तिथलं सिनेगॉग मूळचं १८४८ चं. शनिवारी मात्र जाऊ नकोस, शब्बाथ असतो, त्यांचा विश्रांतीचा दिवस. १९४८ नंतर बहुतेक घरं इस्राएलला गेली, पण शेजारी आहेत. पलीकडच्या घरातल्या आजीबाईंना विचार, ‘यांच्याकडे सणाला काय करायचे?’ जन्म-मृत्यूच्या तारखांपेक्षा मला ते उत्तर जास्त मोलाचं वाटतं. थोर कोण पुरलं आहे हे शोधत बसू नकोस. घाणा चालवणारा, पलटणीत गेलेला, बाळंतपणात गेलेली, यांच्यासाठी आपल्याखेरीज कोण वेळ काढणार?

आत शिरताना देखभाल करणाऱ्याची परवानगी घे, डोकं झाक. कबरीवर ठेवलेले खडे कचरा समजून उचलू नकोस. कोणी तरी येऊन गेल्याची ती खूण असते. तूही निघताना एक ठेव, आणि बाहेर पडलीस की हात धू, तशी त्यांची रीत आहे.

पहिलं नाव उतरवलंस की मला पाठव. हिब्रू ओळीचा फोटो जवळून काढ, महिना दिसेल असा.

तुझा,
काका