नागीण सुकली, दुखणं राहिलं आणि गोळी बंद केलीत? माझं नेमकं इथेच चुकलं

तुम्ही लिहिलंय की नागीण होऊन आज सोळावा दिवस. विषाणूवरच्या गोळ्यांचा सात दिवसांचा कोर्स पूर्ण झाला, कमरेवरच्या खपल्याही पडत आल्यात आणि घरचे म्हणतात, आता झालं की बरं. पण सदरा नुसता घासला तरी आग होते, रात्री डोळ्याला डोळा नाही. आणि शेवटी हळूच एक ओळ : डॉक्टरांनी दिलेली नसांची गोळी चार दिवस घेऊन पाहिली, नुसतं गरगरलं, दुखणं होतं तिथेच, म्हणून सोडून दिली.

ती ओळ वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. माझी नागीण डाव्या बाजूला होती, छातीखालून पाठीच्या कण्यापर्यंत, आणि मी चार नाही, पाच रात्री ती गोळी घेतली होती. बाकी सगळं तुमचंच.

मी डॉक्टर नाही. एका बाईच्या एका दुखण्याचा अनुभव आहे, तेवढंच त्याला वजन द्या. तुमचं वय, तुमची किडनी, इतर औषधं मला माहीत नाहीत आणि या गोळ्यांचा डोस त्यावरच ठरतो. नागीण म्हणजे अंगात दबून राहिलेला कांजिण्यांचाच विषाणू, पुरळ आल्यापासून 72 तासांच्या आत गोळ्या सुरू करा, फोड फोडू नका, हे तुमचं सगळं करून झालंय, त्यात जात नाही.

तर गोळी. माझ्या पाकिटावर गाबापेंटिन होतं, कुणाला प्रीगाबालिन देतात, कुणाला अमिट्रिप्टिलिन किंवा नॉरट्रिप्टिलिन. तुम्हाला कोणती दिलीय ते लिहिलं नाहीत, पण यांचा स्वभाव साधारण सारखाच. ही डोकेदुखीच्या गोळीसारखी 'दुखलं की घ्यायची' गोळी नाही. हे मला कुणी सांगितलं नाही असं मी वर्षभर म्हणत होते. खरं तर डॉक्टरांनी सांगितलं असणार, पण तेव्हा मी सलग तीन रात्री जागी होते, कानात काही शिरत नव्हतं. मी काय केलं? पाच रात्री झोपताना एक घेतली. सकाळी उठले की जमीन हलल्यासारखी वाटायची, तोंडाला कोरड. दुखण्यात काडीचा फरक नाही. बंद केली. मग ज्या दिवशी ठणका फारच वाढेल त्या दिवशी एक घ्यायची, पुढे तीन दिवस काही नाही, परत एक. म्हणजे गरगरणं सगळं पदरात पडलं आणि गुण शून्य.

पुढे ज्या डॉक्टरांनी मला ताळ्यावर आणलं त्यांनी सांगितलं की सुरुवातीचा डोस हा मुळात गुण यायचा डोसच नसतो, शरीराला सवय व्हायचा असतो. गाबापेंटिन बहुतेकांना 300 मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि मग पायरीपायरीने वाढवत नेतात. दिवसाला 1800 पर्यंत जाणं काही जगावेगळं नाही. एवढी चढण चढायलाच दिवस जातात आणि औषध चालतंय की नाही हे कळायला त्यापुढे काही आठवडे. मी पहिल्या पायरीवर बसून 'जिन्याने वर जाता येत नाही' असा निकाल दिला होता.

गरगरण्याचं म्हणाल तर माझं आठ-दहा दिवसांत बरंच ओसरलं. तोवर रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायचं, मग उभं राहायचं. साठीपुढच्यांनी हे फारच मनावर घ्या, नागिणीतून उठून खुब्याचं हाड मोडून घेतलेलं परवडत नाही. गाडी चालवू नका. दारू किंवा झोपेच्या गोळ्या यांच्या जोडीला नकोत. आणि एक बारीक गोष्ट, जी मला औषधाच्या दुकानात कळली : ॲसिडिटीसाठी ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवालं औषध घेत असाल तर गाबापेंटिन त्यानंतर किमान दोन तासांनी घ्यायचं, नाहीतर अंगात नीट शोषलंच जात नाही. गरगरणं सहन होत नसेल तर गोळी सोडू नका, फोन करून तसं सांगा. वाढवण्याचा वेग कमी करता येतो, गोळी बदलताही येते. आणि काही आठवडे घेतल्यावर तर एकदम कधीच तोडायची नाही, जशी चढवली तशी उतरवायची.

अमिट्रिप्टिलिन दिलं असेल आणि आतल्या कागदावर 'नैराश्यावरील औषध' वाचून तुम्ही बिचकला असाल, तर तिथेही माझीच नक्कल करू नका. मला ते नंतर जोडून दिलं तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, 'बघ, त्यांनाही वाटतंय की माझं दुखणं डोक्यातच आहे.' तसं नसतं. ते जुनं नैराश्याचं औषध आहे हे खरं, पण अगदी कमी डोसमध्ये नसेच्या दुखण्यावर चालतं म्हणूनच देतात. काचबिंदू, हृदयाचा किंवा लघवी अडकण्याचा त्रास असेल तर मात्र घेण्याआधी सांगा.

आता माझे अकरा आठवडे कसे गेले ते. हे लिहिताना अजून डोकं तापतं, थोडं लांबेल.

तिसऱ्या आठवड्यात त्वचा साफ झाली, नुसते फिकट डाग. मला वाटलं दुखणंही आता जाईलच. दीड महिना झाला तरी अंतर्वस्त्राचा पट्टा बांधता येईना, तेव्हा परत रुग्णालयात गेले, नाव घेत नाही. त्वचेच्या विभागात दोन मिनिटं पाहिलं आणि केसपेपरवर लिहिलं, 'पुरळ पूर्ण बरे.' मी म्हटलं, दुखतंय. उत्तर आलं की ते नसांचं आहे, तो विभाग वेगळा. मी नसांच्या विभागाच्या खिडकीवर. तिथल्या बाई म्हणाल्या, त्वचा विभागाची चिठ्ठी आणा. परत त्वचेच्या खिडकीवर. 'तुमची केस बंद झालीय, चिठ्ठी हवी तर नव्याने नोंदणी करा.' नवी नोंदणी म्हणजे तीन आठवड्यांनंतरची तारीख. तीन आठवड्यांनी गेले तर नवेच डॉक्टर. त्यांनी पाठ पाहिली, पोट पाहिलं आणि म्हणाले, 'इथे तर काहीच दिसत नाही.' अहो, दिसत नाही म्हणूनच तर दुसऱ्या विभागाची चिठ्ठी मागतेय ना! चिठ्ठी मिळाली, पण तिच्यावर फक्त 'पाठदुखी' लिहिलेलं. नागिणीचा उल्लेख नाही. त्यामुळे पाठवलं कुठे, तर हाडांच्या विभागात. तिथे पाठीचा एक्सरे निघाला आणि छान आला. त्यात अजून दोन आठवडे गेले.

यातून मी जे शिकले ते तुम्हाला आजच उपयोगी आहे, कारण तुमच्या अंगावर अजून खपल्या आहेत. पुरावा अंगावर आहे तोवर डॉक्टरांकडे जा आणि केसपेपरवर लिहून घ्या : नागीण, अमुक तारखेला पुरळ, अमुक बाजू, वेदना अजून सुरू, नसेच्या वेदनेसाठी पुढचे उपचार. रोज प्रकाश चांगला असताना एक फोटो काढून ठेवा. आणि वहीत दिवसातून दोनदा दहापैकी आकडा लिहा, दुखणं किती, झोप किती तास. 'फार दुखतं' म्हटलं की कुणी मान वर करत नाही, 'पंधरा दिवस रात्री सात-आठ' म्हटलं की पेन हातात घेतात. पुरळ आल्यापासून तीन महिने उलटले तरी दुखत राहिलं तर त्याला वेगळं नाव आहे, नागिणीनंतरची नसेची वेदना. तुम्ही अजून तिथे पोचलेला नाहीत आणि बहुतेकजण पोचतही नाहीत. वय जितकं जास्त तितका धोका जास्त, एवढं खरं.

मी गोळी पहिल्यापासून नीट घेतली असती तर हे दुखणं राहिलंच नसतं, असा माझा दावा नाही. तसं कुणीच खात्रीने सांगू शकत नाही. पण त्या अकरा आठवड्यांतल्या निम्म्या रात्री तरी मी झोपले असते. नव्याने, नियमाने सुरू केल्यावर पाचव्या आठवड्यात एकदा सलग सहा तास झोपले आणि सकाळी घाबरून घड्याळ पाहिलं.

रात्रीचं काय करायचं हे तुम्ही खास विचारलंय. माझ्यापुरतं सांगते. सगळे सांगतात, सैल सुती कपडे घाला. फोड ओले असताना ते बरोबर. पण कातडी बरी झाल्यावर माझ्या बाबतीत उलटं निघालं. सैल कपडा हलतो, हलला की घासतो, आणि ही नस नेमकी त्या हलक्या स्पर्शालाच पेटते. तळहात ठाम दाबून ठेवला तर काही होत नसे, पदर नुसता सरकला की जीव जाई. म्हणून मी गुळगुळीत कापडाचा, अंगाला बसणारा बनियन उलटा घालायला लागले, शिवण बाहेर. त्याहून विचित्र उपाय म्हणजे स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म (क्लिंग फिल्म), भांडी झाकायची असते ती. बऱ्या झालेल्या कातडीवर तिचा एक वेढा, वर कपडा. घासणं थांबतं. हसू नका, करून बघा. जखम ओली असेल तिथे मात्र हे अजिबात नाही.

पंख्याचा झोत थेट अंगावर नको. शॉवरची धार सुया टोचल्यासारखी लागते, त्यापेक्षा पाणी हळू ओतून घ्या. गार ओली घडी दहा मिनिटं ठेवून काढायची. बर्फ थेट लावू नका, कारण ही जागा एकाच वेळी दुखतेही आणि बधिरही असते, कातडी पोळली तरी कळत नाही. गरम पिशवीचंही तेच, शेकून फोड आलेली एक ओळखीची बाई आहे आणि ती मीच.

लिडोकेनचे पट्टे, म्हणजे जागा बधिर करणारे, कातडीवर चिकटवायचे, डॉक्टरांना विचारा. अखंड कातडीवरच लावायचे, बारा तास ठेवून बारा तास मोकळं. मला संध्याकाळी लावून पहाटे काढणं सोयीचं गेलं. कॅप्सेसिनचं मलमही असतं, म्हणजे मिरचीतलं जे झोंबतं तेच. त्याने आधी आग वाढते, नंतर म्हणे कमी होते. मी आठवडा काढला आणि सोडलं, शिवाय एकदा तो हात डोळ्याला लागला. कुणाला उपयोग होत असेल, मी त्याच्या वाटेला परत जाणार नाही. चिठ्ठीवर सर्रास लिहून दिलेली विषाणूरोधक मलमं नागिणीवर कामाची नाहीत, कामाच्या त्या पोटातल्या गोळ्या, आणि त्या तुम्ही घेतल्यात.

'नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं का?' असं विचारणारे तुमच्याकडेही येत असतील. त्यांच्याशी वाद घालायची ताकद उरली असेल तर सांगा की विषाणू कण्याजवळच्या नसेच्या एका गाठीत दबा धरून असतो, आणि ती नस अंगाच्या जेवढ्या पट्ट्याला जाते तेवढ्यातच पुरळ उठतं. ती नस एकाच बाजूची, म्हणून पट्टा सहसा मधल्या रेषेशी थांबतो. 1900 साली हेन्री हेड आणि कॅम्पबेल या दोन डॉक्टरांनी नागिणीच्या पट्ट्यांवरूनच कुठली नस कातडीचा कुठला भाग सांभाळते याचा नकाशा काढला होता. मला आजारपणात हे वाचून उगाच बरं वाटलं. ताकद उरली नसेल तर हो म्हणून सोडून द्या.

तुमच्या घरात गरोदर सून आहे असंही लिहिलंय. शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत जागा झाकलेली ठेवा, टॉवेल वेगळा ठेवा. तुमच्यापासून तिला नागीण होणार नाही, पण तिला कांजिण्या झालेल्या नसतील आणि लसही नसेल तर कांजिण्या होऊ शकतात, म्हणून तिने तिच्या डॉक्टरांच्या कानावर घालावं. तुमची कमरेला आहे म्हणून डोळ्या-कानाचं लिहीत नाही, पण इतर कुणी वाचत असेल तर : कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले, किंवा कानात फोड येऊन तोंड वाकडं झालं, तर हे सगळं वाचत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

लसीचं नंतर बघा. दोन डोसांची लस आहे, पुन्हा नागीण होऊ नये म्हणून, आत्ताच्या दुखण्यावर तिचा उपयोग नाही. मी पूर्ण बरी झाल्यावर घेतली आणि दोन दिवस दंड दुखला, त्याचं मला कौतुकच वाटलं. साधं, सरळ, दोन दिवसांत जाणारं दुखणं!

उद्या सकाळी पहिलं काम, ज्यांनी गोळी दिली त्यांनाच फोन. 'गुण आला नाही' एवढंच म्हणू नका, 'चार दिवस घेतली, गरगरलं म्हणून मीच सोडली, आता परत कशी सुरू करू' असं सांगा. आपल्या मनाने परत सुरू करू नका. आणि फोन करण्याआधी पाकिटावरचं नाव, मिलिग्रॅम आणि उरलेल्या गोळ्या मोजून कागदावर लिहून ठेवा. मला विचारलं तेव्हा सांगता आलं नव्हतं.